घोड्याचं न उतरलेलं अंड: दुर्बीण हवी की साधी चीर?

माजलगावच्या बाजूच्या एका घोडेमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांचा मारवाडी नर आहे, शिंगरू असताना माळेगावच्या यात्रेत घेतलेला. उजवं अंड (वृषण) दिसतं, डावं कधीच दिसलं नाही. विकणारा म्हणाला होता, "लेकरू आहे अजून, उतरंल." ते काही उतरलं नाही. आता वरातीत घोडी दिसली की जनावर हाताबाहेर जातं, गेल्या लग्नसराईत मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) खांद्याला चावलं. गावातले एक जण सांगतात, दिसतंय तेवढं अंड काढून टाका, गार पडेल. पण यांच्या मेव्हण्याचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं आणि तो तिसऱ्या दिवशी घरी आला. तसं घोड्याचं होतं का? शेवटी अजून एक ओळ आहे: शेजाऱ्यांची घोडी पोटशूळाने गेली, दुर्बीण असती तर वाचली असती का?

मी मराठवाड्यात बरीच वर्षं गुरं आणि घोडे बघतोय. त्याआधी काही वर्षं पुण्याकडे शर्यतीच्या घोड्यांवर काम केलं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया तिथेच शिकलो. त्यामुळे इथल्या खोड्यात (जनावर उभं अडकवायच्या चौकटीत) काय जमतं आणि तिथल्या शस्त्रक्रियागृहात काय जमतं, दोन्ही हाताखालून गेलेलं आहे.

दादा, दुर्बीण की चाकू हे नंतर ठरवू. आधी ठरवायचं ते हे, की डावं अंड नेमकं अडकलंय कुठे. ते एकदा कळलं की पुढचं निम्मं आपोआप ठरतं.

घोड्याचं अंड गर्भात असताना मूत्रपिंडाच्या जवळ तयार होतं आणि तिथून जांघेतल्या नळीतून खाली पिशवीत येतं. हा प्रवास जन्माआधीच्या महिनाभरात आणि जन्मानंतरच्या साधारण दहा दिवसांत होतो. त्यानंतर नळीचं पोटाकडचं तोंड आवळत जातं. म्हणजे अंड त्या तोंडाच्या आत, पोटातच राहिलं असेल, तर ते पुढे कधीच बाहेर येणार नाही. शेक द्या, मालिश करा, काहीही खाऊ घाला. नळीत अडकलेलं अंड मात्र दोन-तीन वर्षांपर्यंत सावकाश सरकून खाली येऊ शकतं. विकणाऱ्याचं "उतरंल" हे वाक्य त्यामुळे पूर्ण खोटं नसतं, पण ते कोणत्या अंडाबद्दल आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

तुमच्या घोड्याचं डावं राहिलंय, हे महत्त्वाचं आहे. डावीकडचं न उतरलेलं अंड बहुतेक वेळा पोटात सापडतं. उजवीकडचं असेल तर ते नळीत सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते. तरी हा अंदाज झाला, निदान नव्हे. निदानासाठी घोड्याला गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं. जागा घोडा जांघेला हात लावला की स्नायू आखडतो आणि नळीतलं अंडसुद्धा वर ओढून घेतो. गुंगीत स्नायू सैल पडतात, मग बोटांनी नळी चाचपता येते. त्याच वेळी सोनोग्राफी करून घ्यावी. गाईची गाभण तपासणी करायला आपल्याकडचे अनेक डॉक्टर जे लहान मशीन वापरतात, त्यानेही जांघ बघता येते. नळीत दिसलं नाही तर गुदद्वारातून तपासणी करून पोटात शोधायचं. ही तपासणी मात्र घोड्याच्या अंगावर हात बसलेल्या माणसानेच करावी. घोड्याचं गुदाशय गाईपेक्षा खूप नाजूक असतं, फाटलं तर जीव जातो.

कोणी तुम्हाला हार्मोनच्या रक्ततपासण्या सुचवल्या तर तुमच्या घोड्यासाठी त्यावर पैसे घालू नका. त्या तपासण्या कामाला येतात खच्ची म्हणून विकल्या गेलेल्या घोड्यासाठी, जो खच्चीसारखा वागत नाही. तिथे प्रश्न असतो की आत काही राहिलंय का. तुमच्या घोड्याचं एक अंड डोळ्यांसमोर आहे. तेच हार्मोन तयार करतंय, त्यामुळे रक्तात हार्मोन सापडणारच. त्यातून दुसरं कुठे आहे हे कळत नाही.

आता गावातल्या त्या सल्ल्याबद्दल. हे मी कळकळीने सांगतोय: दिसणारं अंड एकटं काढू नका. पोटाच्या उबेत राहिलेल्या अंडात बीज तयार होत नाही, पण नराचं हार्मोन तयार होत राहतं. म्हणजे घोडा बहुधा वांझ होईल, पण चावणं, उधळणं, घोडीमागे लागणं तसंच राहील. आणि बाहेरून बघणाऱ्याला पिशवी रिकामी दिसेल, म्हणून तो खच्ची समजून विकला जाईल.

हे मी स्वतः करून बसलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मालकाने असाच घोडा आणला. म्हणाले, "डाक्टरसाहेब, दिसतं ते काढा, बाकीचं पुढच्या साली बघू." मी काढलं. पुढच्या साली ते आलेच नाहीत, घोडा विकला होता. दीड वर्षाने तोच घोडा तिसऱ्याच माणसाने माझ्याकडे आणला. त्याला खच्ची म्हणून मिळाला होता आणि घरातल्या पोराला त्याने कुंपणाशी दाबलं होतं. पोराचा हात मोडला होता. कपाळावरचा चट्टा आणि पायांचा रंग बघून मी घोडा ओळखला. तेव्हापासून नियम एकच ठेवलाय: आधी न उतरलेलं शोधून बाहेर काढायचं, ते हातात आल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा. न उतरलेलं सापडलं नाही, तर दिसणारं तसंच ठेवून घोडा परत पाठवायचा. मग तो जिकडे जाईल तिकडच्या माणसाला एका नजरेत कळतं की हा नर आहे.

काही जण विचारतात, ते खाली ओढून पिशवीत शिवता येईल का, म्हणजे नर म्हणून भाव येईल. मी करत नाही. हा दोष बहुधा वंशातून उतरतो. असा नर घोड्यांवर सोडला तर पुढच्या शिंगरांना तीच शस्त्रक्रिया आणि तेच दुखणं.

दुर्बिणीकडे येऊ. मेव्हण्याचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण माणसाचा फायदा आणि घोड्याचा फायदा एक नाही. माणसाला दुर्बिणीने मिळते ती लहान जखम, कमी दुखणं, लवकर घरी जाणं. घोड्यालाही ते मिळतं. पण घोड्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याला झोपवावं लागत नाही. घोडा उभा असतानाच ही शस्त्रक्रिया करता येते.

पूर्ण भूल देऊन आडवा पाडणं घोड्याला किती भारी पडतं, हे बाहेरून कळत नाही. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पाठीवर किंवा कुशीवर पडतं तेव्हा त्याच्याच वजनाने खालचे स्नायू आणि नसा दबतात, फुफ्फुसाला नीट हवा मिळत नाही, रक्तदाब उतरतो. त्याहून अवघड वेळ असते भूल उतरताना. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. शुद्ध अर्धवट आली की तो उठायला झेप घेतो, पायात बळ आलेलं नसतं, पडतो, पुन्हा झेप घेतो. यात पाय मोडलेले मी बघितले आहेत. पोटशूळाचे घोडे वगळून मोजलं तरी पूर्ण भुलेत शंभरामागे जवळपास एक घोडा दगावतो, असं परदेशातल्या हजारो घोड्यांच्या जुन्या मोजणीत आढळलं होतं. अलीकडे हे प्रमाण थोडं उतरलंय. माणसाच्या भुलेशी तुलना केली तरी हे खूपच जास्त आहे. शेतातल्या दहा-वीस मिनिटांच्या शिरेतल्या भुलेला इतका धोका नसतो, पण पोटातलं अंड शोधायला तेवढा वेळ पुरेलच असं नाही.

उभ्याने शस्त्रक्रिया होते ती अशी. घोडा खोड्यात उभा करतात. डेटोमिडिन किंवा झायलाझिन, सोबत ब्युटोर्फेनॉल, अशी गुंगी देतात. मान खाली येते, ती टेकायला आधार द्यावा लागतो. तुमच्या घोड्याचं डावं अंड काढायचं, म्हणून डाव्या कुशीतले, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट भागातले, केस काढून कातडी धुऊन तिथे बधिरीकरणाची इंजेक्शनं देतात. मग बोट जाईल एवढी तीन छिद्रं. एकातून दुर्बीण, दोनांतून हत्यारं. पोटात कार्बन डायऑक्साइड सोडून थोडी जागा करतात. माणसाच्या शस्त्रक्रियेतली दुर्बीण घोड्याला आखूड पडते. घोड्यासाठीची जवळपास ५७ सेंटीमीटर लांब असते. तुमच्या जवळच्या माणसांच्या दवाखान्यातली यंत्रणा एक दिवस उसनी आणू, असं कोणी म्हणालं तर हे त्यांना विचारा.

पहिल्यांदा पडद्यावर बघणाऱ्याला आश्चर्य वाटतं. समोर चकचकीत गडद प्लीहा, मागे आतड्यांची हालचाल, आणि मागच्या कोपऱ्यात नळीच्या तोंडाजवळ लोंबणारं फिकं, मऊ, लहानखुरं अंड. हाताने पोटात आंधळं चाचपडण्यापेक्षा हे केव्हाही बरं, सगळं डोळ्यांसमोर असतं. अंडाच्या देठात आतूनच बधिरीकरणाचं औषध सोडतात. ते सोडलं नाही आणि देठ ओढला तर गुंगीतला घोडासुद्धा लाथ झाडतो. मग देठातल्या रक्तवाहिन्या फास घालून किंवा भाजून बंद करणाऱ्या चिमट्याने बंद करतात, कापतात, एक छिद्र थोडं मोठं करून अंड बाहेर घेतात. ते बाहेर आलेलं तुम्ही स्वतः बघा. देठ नुसता बंद करून अंड आत सोडण्याची पद्धतही आहे, पण क्वचित त्याला दुसरीकडून रक्त मिळत राहतं आणि मस्ती कायम राहते. म्हणून मी बाहेर काढण्याच्या मताचा आहे. उजवं त्याच बैठकीत पिशवीतून काढता येतं.

यात सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते उपाशी ठेवण्यात. २४ ते ३६ तास वैरण आणि चंदी (दाणा) पूर्ण बंद, पाणी चालू. घोड्याचं पोट म्हणजे आतड्यांनी गच्च भरलेली कणगी. ती थोडी रिकामी झाल्याशिवाय दुर्बिणीला पुढे काही दिसत नाही, आणि छिद्र पाडताना आतडं किंवा डावीकडची प्लीहा टोचली जाण्याचा धोका वाढतो. एकदा माझ्याकडे एक सुंदर काळा नर आला होता, मोतद्दार त्याच्याजवळच झोपायचा. रात्री जनावर पाय आपटायला लागलं, त्याला बघवलं नाही, दोन पेंढ्या कडबा टाकला आणि सकाळी भीतीने बोलला नाही. आम्ही दुर्बीण आत घातली तर पडदाभर नुसतं आतडं. अर्ध्या तासाने थांबलो, छिद्रं शिवली, पंधरा दिवसांनी पुन्हा केलं. त्या माणसाला मी रागावलो नाही, घोड्यावर माया होती म्हणून त्याने ते केलं. पण आता मी मोतद्दाराला समोर बसवून उपवास कशासाठी ते समजावतो, आणि तोंडाला जाळी बांधायला लावतो. मालकाला सांगून पुरत नाही, रात्री घोड्याजवळ असतो तो मोतद्दार.

कोणत्या घोड्याला हे जमत नाही? ज्याला खोडा सहन होत नाही त्याला. तास-दीड तास उभं राहायचं असतं. मध्येच घोडा बसला तर आत असलेल्या हत्यारांनी काय होईल याचा विचार करा. लहान तट्टूच्या पोटात जागा कमी मिळते, तिथेही उभ्याने अवघड जातं. तुमचा घोडा चावरा आहे म्हणजे लगेच बाद झाला असं मी म्हणणार नाही. वरातीतले घोडे गर्दी, बँड, फटाके सहन करतात, गुंगीत ते बरेचदा चांगले उभे राहतात. पण बहुतेकांना अगाडी-पिछाडीने बांधायची सवय असते, खोडा त्यांनी पाहिलेला नसतो. म्हणून तारखेआधी दोन आठवडे रोज त्याला गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या खोड्यात न्या. पाच मिनिटांपासून सुरुवात करा, कुशीवर हात फिरवा, ओल्या फडक्याने पुसा, थोडी चंदी द्या, बाहेर काढा. दहाव्या दिवशी तो अर्धा तास शांत उभा राहिला तर शस्त्रक्रियेचं निम्मं काम तुम्हीच केलंत असं समजा.

आता समजा तपासणीत निघालं की अंड नळीतच आहे, पोटात नाही. मग दुर्बिणीची गरजच नाही. शिरेतली भूल देऊन जांघेत चीर घेऊन ते काढता येतं. तिथे दुर्बिणीचा आग्रह धरणं म्हणजे खर्च वाढवणं. आणि पोटात असूनही दुर्बीण मिळाली नाही तर? तरी वाट बंद होत नाही. जांघेजवळच्या लहान चिरेतून किंवा कुशीतून हात घालून पोटातलं अंड काढण्याच्या जुन्या पद्धती आहेत, आणि ज्याने त्या अनेकदा केल्यात त्याच्या हातात त्या चांगल्या उतरतात. घोड्यावर चार-दोन वेळाच दुर्बीण धरलेल्या माणसापेक्षा मी माझा घोडा जुन्या पद्धतीत मुरलेल्या सर्जनकडे देईन.

आपल्या भागात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोडा गाडीत घालण्याआधी शल्यचिकित्सा विभागाला फोन करा आणि नीट विचारा: घोड्यावर, उभ्याने, दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया तुम्ही करता का, घोड्याच्या लांबीची दुर्बीण आहे का, वीज गेली तर दिव्याला आणि पडद्याला पर्याय आहे का, आणि मध्येच अडलं तर मोठी चीर घेण्याची तयारी असते का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि चांगला सर्जन त्याने दुखावला जात नाही. तिथे जमणार नसेल तर पुणे-मुंबईकडे, शर्यतीच्या घोड्यांमुळे तिथे या कामाचा सराव असलेले लोक आहेत. प्रवास लांबचा आहे. घोडा पोहोचल्यावर निदान एक-दोन दिवस विसावा द्या, उपवास त्यानंतर सुरू करा.

शेजाऱ्यांच्या घोडीबद्दल मला वाईट वाटलं. तिला न बघता सांगतोय, पण बहुधा दुर्बिणीने ती वाचली नसती. पोटशूळात आतडं वायूने फुगलेलं असतं. एकट्या आंधळ्या आतड्यातच (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतच) ३० लिटरच्या आसपास मावतं, त्यापुढे मोठं आतडं त्याहून मोठं. अशा पोटात दुर्बिणीला फिरायला जागा नसते, फुगलेल्या आतड्याला हत्यार लागून ते फुटू शकतं, आणि पीळ पडलेलं जड आतडं दोन बारीक चिमट्यांनी सरळ होत नाही. तिथे पूर्ण भूल, पोटाच्या मधोमध मोठी चीर, आणि वेळेत पोहोचणं हाच उपाय. घोडी लोळायला लागल्यापासून किती तासांत डॉक्टर आला, यावर बरंच काही ठरतं. शेजाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नये, आपल्याकडून मोठ्या दवाखान्याचं अंतरच तेवढं आहे.

पोटशूळात दुर्बिणीचं एक मोलाचं काम मात्र आहे. काही घोड्यांत मोठं आतडं वर सरकून डावं मूत्रपिंड आणि प्लीहा यांच्या मधल्या खाचेत अडकतं. एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. घोडा बरा झाल्यावर उभ्यानेच, डाव्या कुशीतून, ती खाच शिवून बंद करता येते. घोडीच्या बीजांडात गाठ झाली आणि ती नरासारखी वागायला लागली, तर ते बीजांड काढायलाही हीच पद्धत उत्तम. घाईची वेळ नसेल, घोडा उभा राहणार असेल आणि जागा नेमकी ठाऊक असेल, तिथे दुर्बीण शोभते. तुमच्या घोड्याचं पोटातलं अंड यात बसतं.

तारीख थंडीतली घ्या. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात गुंगीतला घोडा घामाने निथळतो, माश्या जखमेवर बसतात, आणि लग्नसराईचं कामही बुडतं. धनुर्वाताची लस आधी पूर्ण झालेली हवी. घोड्याइतकं धनुर्वाताला लवकर बळी पडणारं दुसरं जनावर आपल्या गोठ्यात नाही. शस्त्रक्रियेनंतर कुशीच्या कातडीखाली हात लावला तर कुरकुर लागेल, तो राहिलेला वायू असतो, काही दिवसांत जिरतो. पहिल्या दिवशी थोडं पोट दुखल्यासारखं करेल. पण लोळला, लीद टाकली नाही किंवा ताप आला तर लगेच फोन. वैरण थोडी थोडी करून वाढवा. टाके दहा-बारा दिवसांनी. उजव्या बाजूची पिशवी सुजू नये म्हणून हाताने धरून रोज चालवायचं, किती ते सर्जन सांगेल.

आणि लगेच गार पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. मस्ती उतरायला काही आठवडे लागतात, निदान दोन महिने माद्यांपासून लांब ठेवा. तीन वर्षांत लागलेली चावण्याची सवय तर हार्मोन गेल्यावरही काही घोड्यांत उरते, ती मोतद्दाराच्या हातानेच जाते. म्हणून यंदाच्या लग्नसराईच्या सुपाऱ्या घेताना पहिल्या दोन-तीन वरातींना दुसरा घोडा धरा.

आधी जांघेची सोनोग्राफी करून घ्या. ती झाली की नळीत दिसलं की नाही तेवढं इथेच लिहा, मग पुढचं बोलू.